आज्ञेचे व्रत

१२ मे २००२. कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर नॉर्विच सिटी आणि बर्मिंगहॅम सिटी यांची लढत बरोबरीत सुटली आणि निकाल पेनल्टींवर आला. जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये जाणार, हरेल तो आणखी एक वर्ष खालच्या विभागात झुंजणार. नॉर्विचची दुसरी पेनल्टी मारायला बेलफास्टचा चोवीस वर्षांचा फिलिप मलराइन पुढे आला. गोलरक्षक निको वासेनने त्याचा फटका अडवला. पुढे नॉर्विचची आणखी एक पेनल्टी बाहेर गेली आणि बर्मिंगहॅमने ४-२ अशी बाजी मारली.

पंधरा वर्षांनी, ८ जुलै २०१७ रोजी, हाच माणूस डब्लिनच्या सेंट सेव्हियर्स चर्चमध्ये जमिनीवर पालथा पडून होता. कॅथलिक गुरुदीक्षेत उमेदवाराने असा साष्टांग दंडवत घालायचा असतो. जमलेले लोक तेव्हा संतांची नावे घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मग आर्चबिशप जोसेफ ऑगस्टिन डी नोया यांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवले आणि फिल मलराइनचे फादर मलराइन झाले.

मधल्या पंधरा वर्षांत काय घडले?

मलराइनचा जन्म १ जानेवारी १९७८ चा. मँचेस्टर युनायटेडच्या तालमीत तो घडला. १९९५ मध्ये एफए यूथ कप जिंकणाऱ्या संघात होता. मुख्य संघात मात्र जागा पक्की होईना. १९९९ मध्ये पाच लाख पौंडांच्या मोबदल्यात तो नॉर्विचला गेला. तिथे तो मधल्या फळीचा आधार झाला आणि कार्डिफच्या पराभवानंतर दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, त्याचा संघ अखेर प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. उत्तर आयर्लंडकडून तो २७ आंतरराष्ट्रीय सामने खेळला.

यातली एक घटना मला कळीची वाटते. २००५ च्या उन्हाळ्याअखेर विश्वचषक पात्रता फेरीसाठी उत्तर आयर्लंडचा संघ एकत्र आला होता. रात्री ठरलेल्या वेळेत हॉटेलवर परतण्याचा नियम मलराइनने आणि जेफ व्हिटलीने मोडला. प्रशिक्षक लॉरी सांचेझ यांनी दोघांनाही घरी पाठवले. काही दिवसांतच, ७ सप्टेंबरला, डेव्हिड हिलीच्या गोलने उत्तर आयर्लंडने इंग्लंडला १-० असे हरवले. बेलफास्टने डोक्यावर घेतलेल्या त्या विजयात बेलफास्टचाच हा खेळाडू नव्हता.

पुढे कार्डिफ सिटी, लेटन ओरिएंट, किंग्ज लिन अशी उतरंड लागली. पैसा आणि नाव असूनही मन रमत नव्हते, हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. बेलफास्टला परतल्यावर लहानपणची श्रद्धा जागी झाली. नॉर्विचमधला त्याचा जुना सहकारी पॉल मॅकव्हे यालाही या वळणाचा धक्का बसला होता. मलराइनने आधी तत्त्वज्ञानाचा, मग रोममध्ये ईशज्ञानाचा अभ्यास केला आणि डोमिनिकन संघात प्रवेश घेतला.

वसईच्या किल्ल्यात फिरलेल्यांनी डोमिनिकनांच्या चर्चचे भग्न अवशेष पाहिले असतील. त्यांचाच हा संघ. १२१६ मध्ये पोपची मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी संस्थापक संत डॉमिनिक यांनी आपले मूठभर बंधू पॅरिससारख्या विद्यानगरीत धाडले. थॉमस अक्वायनस याच परंपरेतले. इथे अभ्यास ही प्रार्थनेइतकीच नित्याची साधना मानली जाते.

या संघाचा व्रतविधी वेगळा आहे. उमेदवार जमिनीवर पडून असतो. वरिष्ठ विचारतात, तुला काय हवे? तो म्हणतो, देवाची आणि तुमची दया. मग गुडघे टेकून, आपले जोडलेले हात वरिष्ठांच्या हातांत देऊन तो मरेपर्यंतचे व्रत घेतो. दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य त्यात अध्याहृत असतात. उच्चार होतो तो एकाच व्रताचा: आज्ञापालन. ज्याला शिस्तभंगासाठी देशाच्या संघातून परत पाठवले गेले होते, त्याने आपणहून हेच एक व्रत आयुष्यभरासाठी उच्चारले.

गुरुदीक्षेनंतर फादर मलराइन किल्डेर परगण्यातल्या न्यूब्रिज कॉलेजमध्ये चॅप्लेन झाले. नावात कॉलेज असले तरी ही माध्यमिक शाळा; लिफी नदीकाठी डोमिनिकनांनी १८५२ मध्ये काढलेली. फुटबॉल, शाळा आणि चर्च यांचे नाते तिकडे जुनेच आहे. ग्लासगोतला प्रख्यात सेल्टिक क्लब १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट संघाच्या मुख्याध्यापकाने काढला, तो वस्तीतल्या गरीब मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून. वॉलफ्रिड शाळेतून मैदानाकडे गेले. मलराइन मैदानातून शाळेकडे आले.

शाळेतल्या चॅप्लेनच्या हातात गुणपत्रिका नसते, छडी नसते. मिस्सा अर्पण करणे, प्रार्थना शिकवणे आणि मुलांचे ऐकून घेणे हे त्याचे काम. पंधरा-सोळाव्या वर्षी एखादा मुलगा संघातून वगळला जातो, एखादी मुलगी ऐन वेळी चुकते, कुणाला शिक्षा होते. त्या क्षणी सगळे संपले असेच त्यांना वाटते. अशा वयाच्या मुलांसमोर कधीच न हरलेला माणूस आणून बसवण्यात काय अर्थ? त्यांना हवा असतो अडवली गेलेली पेनल्टी आठवणारा कुणीतरी. नियम मोडून घरी परतण्याचा रस्ता किती लांब असतो, हे फादर मलराइन यांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.