खोटा हात कुठून आणायचा?

पाय चेपून दिले की बरं वाटतं, यात संशोधन करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेणाऱ्या, नातवाला पोटऱ्यांवर उभं करणाऱ्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. पण बरं वाटतं ते दाबामुळे, की कुणीतरी तासभर आपल्याकडे लक्ष दिलं म्हणून? हे वेगळं काढायला गेलं की पंचाईत होते. गोळीची चाचणी त्या मानाने सोपी असते. निम्म्या रुग्णांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी द्यायची. खोटा हात कुठून आणायचा?

गुडघ्याच्या झिजेवर काम करणाऱ्यांनी यावर बऱ्याच युक्त्या लढवल्या. अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या लष्करी रुग्णालयात ८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला हाताने उपचार आणि व्यायाम मिळाला. दुसऱ्याच्या गुडघ्यावरून अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवलं, पण त्याची ताकद उपयोग होणार नाही इतकी कमी ठेवली. सन २००० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत पहिल्या गटाच्या वेदना, ताठरपणा आणि हालचालीचा एकत्रित गुणांक सुमारे ५६ टक्क्यांनी सुधारला होता, यंत्रवाले होते तिथेच होते. वर्षभरात सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया पहिल्या गटात ५ टक्के, तर दुसऱ्यात २० टक्के रुग्णांना करावी लागली.

निकाल घसघशीत आहे, पण श्रेय हाताला द्यायचं की व्यायामाला? न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या हॅक्सबी अॅबट यांच्या गटाने २०१३ मध्ये दोन्ही वेगळे करून पाहिले. खुबा किंवा गुडघा झिजलेल्या २०६ जणांपैकी काहींना फक्त हाताचे उपचार, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही दिले, तर काहींचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले. नेहमीच्या उपचारांपेक्षा हातही सरस ठरला आणि व्यायामही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र फायद्याची बेरीज झाली नाही.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग लहानसाच आहे. पेनी मॉस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३८ रुग्णांच्या गुडघ्याखालचं हाड हातात धरून ते नऊ मिनिटं तालात मागेपुढे सरकवलं. खोटा हात म्हणून एका वेळी तेच हात गुडघ्यावर नुसते ठेवले, हालवले नाहीत. मग किती दाबल्यावर दुखतं ते मोजलं. खऱ्या हालचालीनंतर गुडघा जास्त दाब सोसू लागला, आणि गंमत म्हणजे जिथे कुणी हात लावला नव्हता ती टाचसुद्धा! नऊ मिनिटांत सांध्यातली झिजलेली कूर्चा काही उगवत नाही. मुळात कूर्चेला मज्जातंतूच नसतात. दुखतं ते भोवतालचं आवरण आणि खालचं हाड. त्यामुळे ‘गुडघ्यातलं वंगण परत आणून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. हात बदलतो तो मेंदू आणि मज्जारज्जूतला वेदनेचा हिशेब.

हा बदल टिकतो किती? अॅडम पर्लमन यांच्या गटाने २०० हून अधिक रुग्णांवर मालिशची तुलना नुसत्या हलक्या स्पर्शाशी केली. आठ आठवड्यांनी मालिश पुढे होतं. वर्षअखेरीस गटांमध्ये फरक उरला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही हाताच्या उपचारांचा विचार व्यायामाच्या जोडीनेच करा, असं सांगतात.

अस्वस्थ पायांचं दुखणं गुडघेदुखीपेक्षा अगदी वेगळं. संध्याकाळी टेकलं की पोटऱ्यांत वळवळ सुरू, आणि उठून चालल्याशिवाय चैन नाही. स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. इथे सांध्यात बिघाड नसतो. मेंदूतलं लोह आणि डोपामिन यांच्याशी नातं असतं. चोळल्या-चेपल्याने आराम पडतो, पण नेटक्या चाचण्या थोड्याच. त्यातली एक २००९ ची. पायांना हवेचे पट्टे बांधून ठरावीक लयीत दाब द्यायचा, रोज तासभर, वळवळ सुरू व्हायच्या आधी. खोटा हात बनवणं इथे सोपं गेलं, कारण यंत्राचा दाब कमी करता येतो. एकूण ३५ जण होते. खरा दाब मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश लोकांचा त्रास पूर्ण थांबला, खोट्या दाबाच्या गटात एकाचाही नाही. माणसं थोडी, अवधी महिनाभराचा. म्हणून फार उड्या मारू नयेत.

एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला तर तो चेपायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. थेट डॉक्टर गाठावा. आणि रोज रात्री घरच्यांकडून पाय दाबून घ्यावे लागत असतील, तर एकदा रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी ते कमी निघू शकतं, आणि ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल तर अस्वस्थ पायांच्या त्रासात डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात.