दूरच्या संगणकाचं दार : 1969 ते 2024

29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकावर लॉगिन करत होता. 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं, आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभरानं जमलं. आर्पानेटवरचा पहिला संदेश म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. पण क्लाइनला कोणाला काही कळवायचं नव्हतं, दुसऱ्याच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करायचं होतं. संगणक महाग आणि मोजके होते, वापरणारे मात्र ठिकठिकाणी विखुरलेले. जाळं विणायला घेतलं त्यामागे ही गरज मोठी होती.

पुढे याच कामासाठी टेलनेट रूढ झालं. त्यात पासवर्डसकट प्रत्येक अक्षर तारेवरून उघडंच जाई. 1980 च्या दशकात बर्कली युनिक्सनं आरलॉगिन आणलं. त्याची सोय आणखी पुढची. आपल्या डिरेक्टरीत एक छोटी फाइल ठेवायची, तिच्यात भरवशाच्या संगणकाचं नाव लिहायचं. तिथून आलात की पासवर्ड विचारलाच जात नसे. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. एका इमारतीतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांसाठी ती रीत चोख होती. जाळं जगभर पसरलं आणि रीत तीच राहिली, घोटाळा तिथे झाला. नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम जाळ्यात फिरला तेव्हा त्यानं इतर वाटांबरोबर हीही वाट वापरली: भरवशाच्या संगणकांच्या याद्या वाचायच्या आणि पुढच्या संगणकात शिरायचं.

1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्रॅम बसवला. तिथला संशोधक तातू युलोनेन यानं उत्तर म्हणून एसएसएच लिहिलं; त्यात सगळं कूटबद्ध होऊनच तारेवरून जातं. टेलनेटचा पोर्ट 23, एफटीपीचा 21. मधला 22 मोकळा होता. तो त्यानं जुलैमध्ये ईमेल करून मागितला आणि दुसऱ्याच दिवशी मिळाला. त्यानंतर सुमारे महिन्याभरानं, 15 ऑगस्टला, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यातलं स्वस्तातलं शेल अकाउंट म्हणजेही दूरचं लॉगिनच होतं: मोडेमवरून निगमच्या युनिक्स संगणकावर जायचं आणि काळ्या पडद्यावर मेल वाचायची.

एसएसएचचं खरं मोल मला किल्ल्यांच्या जोडीत वाटतं. खाजगी किल्ली आपल्याच संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरच्या फाइलीत जाते, आणि गुपित तारेवरून जातच नाही. नवशिक्याचं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. त्या फाइलीत इतरांना लिहायची परवानगी राहिली असेल तर सर्व्हर, किल्ली अचूक असूनही, ती मानत नाही. म्हणून 'सीएचमॉड 600' या आदेशानं ती परवानगी काढावी लागते. ही कडक शिस्त मला फार योग्य वाटते. सर्व्हरची ओळख मात्र पहिल्या भेटीत आपणच पटवायची असते. पडद्यावर त्याचा ठसा येतो, आणि बहुतेक जण तो न पडताळताच 'येस' टाइप करतात. इतक्या वर्षांत ही सवय सुटलेली नाही, याची मला खंत आहे.

1999 मध्ये ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीच्या मंडळींनी एसएसएचच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच उभं केलं, आणि जगभर तेच रुजलं.

मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं दिसलं. त्यानं माग काढला. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत चोरवाट निघाली. 'जिया टॅन' या नावानं वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं नेकीनं काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला आणि मग ती पेरली. ओपनएसएसएचला त्या लायब्ररीची मुळात गरज नव्हती. काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला 'सर्व्हर सुरू झाला' एवढं कळवण्यासाठी जी जोडणी केली होती, तिच्या मागून ती आत येत होती. त्याच वर्षी जुलैत आलेल्या 9.8 आवृत्तीत ओपनएसएसएचनं ते कळवण्याचं काम स्वतःच्या छोट्याशा कोडमध्ये घेतलं.