टिटवीचा फोटो दुरूनच घ्या

उन्हाळ्यात टिटवी मोकळ्या रानात, उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुधा चार. पोटाची पिसे भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. मोबाइल घेऊन कोणी जवळ गेले की ती ओरडत उठते, अंडी उन्हात तापतात आणि आतला जीव दगावू शकतो. म्हणून पक्ष्यांच्या फोटोंचा छंद असलेल्या मुलामुलींनी कॅमेऱ्याला टेलिफोटो लेन्स लावून दुरूनच फोटो घ्यावा.

पक्ष्यांसाठी ४०० मिलिमीटरची लेन्स चांगली. १०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतल्यास हरणांचेही फोटो निघतात. जुनी लेन्स घेताना ती उजेडापुढे धरून आत बुरशी नाही ना, हे पाहावे.

लेन्स लांब पल्ल्याची असली की हात जरा हलला तरी चित्र बिघडते. शटरचा वेग निदान १/५०० सेकंद ठेवावा. उडत्या पक्ष्यासाठी १/२०००. पाऊण भरलेली ज्वारीची पिशवी बांधावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते व फोटो धूसर येतो. सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन बसावे.

एवढे करूनही टिटवी ओरडू लागली, तर फोटोचा मोह सोडून मागे सरावे.