गेमच्या बाजारात कोट कुणी घालावा?

मागच्या रविवारी माझा भाचा घरी आला. चहा होईपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, तुमचा कोट दोन दिवस मिळेल का? कोर्टातला काळा नको. तो निळा, लग्नकार्यात घालता तो."

हा पोरगा पिंपरीच्या वस्तीत वाढला. आईने चार घरची धुणीभांडी करून त्याला इंजिनिअर केले. आज तो हिंजवडीत व्हिडीओ गेम तपासण्याची नोकरी करतो. गेम बाजारात येण्यापूर्वी तो शेकडो वेळा खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, असे ते काम. रात्री घरी आल्यावर तो एका संकेतस्थळासाठी गेमविषयी लिहितो. त्या लिखाणामुळे मुंबईतल्या एका गेम प्रदर्शनाचा पत्रकार-पास त्याला मिळाला आहे. कोट हवा होता तो त्यासाठी.

मी विचारले, "गेमच्या प्रदर्शनाला कोट कशाला?" तो म्हणाला, "मित्रही हेच म्हणून हसतात. इन्शुरन्स विकायला चाललास का, असं विचारतात. पण मामा, गेल्या वर्षी मी टी-शर्ट घालून गेलो होतो." आणि मग त्याने जे सांगितले त्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी तो आणि त्याचा एक सहकारी दोघेच गेले होते. दोघांच्या अंगात टी-शर्ट, दोघांच्या पाठीवर सॅक. सहकारी तर अर्ध्या चड्डीत आणि पायात सपाता. पास आतल्या टेबलावर मिळणार होते, तेव्हा गळ्यात कुणाच्याच काही नव्हते. सहकारी पुढे गेला, त्याला कुणी हटकले नाही. माझ्या भाच्यापुढे मात्र सुरक्षारक्षकाने हात आडवा घातला आणि म्हणाला, "डिलिव्हरीवाल्यांचं गेट मागच्या बाजूला आहे." सहकाऱ्याने मागे वळून सांगितल्यावर त्याला सोडले. घडले ते एवढेच. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पण पोरगा वर्षभर ते विसरलेला नाही.

आता वाचकांपैकी अनेकांना प्रश्न पडेल की चळवळीच्या दैनिकात व्हिडीओ गेमचे काय काम? बांधवांनो, आपली शेकडो मुले आज या धंद्यात आहेत. जगभर या उद्योगाची उलाढाल चित्रपटांच्या तिकीटबारीपेक्षा मोठी आहे. युबिसॉफ्टसारख्या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ 2008 पासून पुण्यात आहे. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने मुंबईत भरविलेल्या 'वेव्ह्ज' परिषदेत सिनेमाच्या बरोबरीने गेमिंगलाही स्थान होते. जिथे पैसा आणि प्रतिष्ठा आहे, तिथल्या दारावर कुणाला कसे ओळखले जाते, हा आपलाच प्रश्न आहे.

या क्षेत्रातल्या पत्रकारांनी व्यापारी प्रदर्शनांना नीटनेटका, व्यावसायिक पोशाख करून जावे की नाही, हा वाद परदेशात जुना आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे 1995 पासून ई-थ्री नावाचे गेम उद्योगाचे सर्वांत मोठे प्रदर्शन भरत असे. 2019 नंतर ते प्रत्यक्ष भरले नाही आणि डिसेंबर 2023 मध्ये कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले. आज जर्मनीतल्या कोलोन शहरातले गेम्सकॉम हे सर्वांत मोठे मानले जाते. अशा ठिकाणी गेमवर लिहिणारे पत्रकार चुरगळलेला टी-शर्ट, जीन्स, पाठीवर सॅक अशा वेषात फिरताना दिसतात. एक बाजू म्हणते, तुम्ही स्वतःला पत्रकार म्हणवता तर पत्रकारासारखे दिसा. नाहीतर लोक तुम्हाला फुकट गेम खेळायला आलेली पोरे समजतील. दुसरी बाजू म्हणते, हा खेळाचा धंदा आहे, गेम बनवणारेही टी-शर्टमध्येच असतात, दिवसभर उभे राहून काम करायचे तर कोट कशाला? लेखणी बघा, लेंगा बघू नका!

दोन्ही बाजूंना वाटते की प्रश्न कापडाचा आहे. माझ्या भाच्याचा अनुभव सांगतो की प्रश्न अंगाचा आहे. तोच टी-शर्ट एकाच्या अंगात 'बिनधास्त' ठरतो आणि दुसऱ्याच्या अंगात 'डिलिव्हरी'.

हे समजून घ्यायला लॉस एंजेलिसला जायची गरज नाही. सकाळी नऊ वाजता वाकडच्या पुलावरून हिंजवडीत उतरा आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या कुठल्याही कंपनीच्या दारात दहा मिनिटे उभे राहा. एकेकाळी येथे इस्त्रीचा शर्ट आणि टाय ही नोकरीची खूण होती. इन्फोसिससारख्या कंपनीनेही 2015 मध्ये रोजच्या फॉर्मल कपड्यांची अट सैल केली. आज मोठ्या पगाराचा माणूस गोल गळ्याच्या टी-शर्टात येतो. पण त्याच दारात गणवेश कुणाच्या अंगावर आहे? दार उघडणाऱ्या रक्षकाच्या, फरशी पुसणाऱ्या मावशीच्या, संडास साफ करणाऱ्या मुलाच्या, कँटीनमध्ये ताटे उचलणाऱ्याच्या. त्यांच्या शर्टाचे एक बटण उघडे दिसले तरी सुपरवायझर ओरडतो. वरच्याला मुभा आणि खालच्याला सक्ती, असा हा हिशोब आहे. आणि गणवेशातली ही माणसे बहुतेक कुठल्या वस्त्यांतून येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

या देशात कपड्यावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत हिंजवडीने शोधून काढलेली नाही. मनुस्मृतीने चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. 1928 साली इंदूर भागातल्या सवर्णांनी बलाई जातीला फर्मान काढले की सोनेरी किनारीची पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी दागिने घालायचे नाहीत. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन' या 1936 च्या ग्रंथात हे फर्मान जगापुढे मांडले. हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. तर 2023 साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाने चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून त्याला मारल्याची फिर्याद पोलिसांत नोंदली गेली.

वकील म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि 26 जानेवारी 2016 पासून ती अमलात आली. त्यातील कलम 3(1)(झेड-ए) नुसार दलित-आदिवासी माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास अडथळा करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. संसदेला 'नवे कपडे' हे शब्द फौजदारी कायद्यात लिहावे लागले! ज्या देशात असा कायदा करावा लागतो, तिथे "कपड्यात काय ठेवलंय?" असे म्हणण्याची चैन सर्वांना परवडत नाही.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या माताभगिनींना सांगितले की लुगडे नेसण्याची जातीची खूण दाखवणारी पद्धत सोडा, अंगावरचे ते जडशीळ दागिने उतरवा, स्वच्छ राहा. लंडनच्या गोलमेज परिषदेत 1931 साली गांधीजी पंचा नेसून गेले आणि जगाने त्यांच्या साधेपणाचे कौतुक केले. बाबासाहेब सुटाबुटात गेले. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण वस्त्र मिळत होते, त्याने ते उतरविले की त्याग होतो. ज्याच्या अंगावर ते कधी येऊच दिले नाही, त्याने ते चढविले की बंड होते. आणि त्याच बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना पांढरे धोतर आणि पांढरा कोट घातला होता. प्रसंग कोणता आणि आपल्याला काय सांगायचे आहे, हे ओळखून त्यांनी पोशाख निवडला. कुणाच्या फर्मानावरून नव्हे. आणि विसरू नका, ते स्वतः पत्रकार होते. 1920 मध्ये 'मूकनायक' आणि 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' त्यांनीच सुरू केले.

आता दुसरीकडे बघा. 2012 साली फेसबुकचा मार्क झुकरबर्ग शेअर बाजारात उतरण्यापूर्वी गुंतवणूकदारांना भेटायला टोपीवाला स्वेटर, म्हणजे हूडी, घालून गेला. मायकेल पॅक्टर नावाच्या विश्लेषकाने त्यावर टीका केली की हा अपरिपक्वपणा आहे. योगायोग असा की हेच पॅक्टर व्हिडीओ गेम उद्योगाचे नामांकित विश्लेषक आहेत. झुकरबर्गचे काय बिघडले? काहीच नाही. उलट हूडी ही हुशारीची खूण झाली. आपला पोरगा तसाच मुलाखतीला गेला तर? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठविले होते. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश भरली. तिथे तर कपडे कुणी पाहिलेच नव्हते. नुसते नाव वाचले होते! म्हणजे कोट घातल्याने जात झाकली जाईल, या भ्रमातही कुणी राहू नये.

मग गेमच्या पत्रकाराने काय घालावे? माझे मत स्पष्ट आहे. सर्वांवर कोटाची सक्ती नको. आम्हा वकिलांना कायद्याने पोशाख नेमून दिला आहे, 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली तसे नियम आहेत. माझा पहिला काळा कोट मी पुण्याच्या जुन्या बाजारातून विकत घेतला होता. त्या कोटाने मला कोर्टात खानदानी वकिलांच्या रांगेत उभे केले, हे मी नाकारत नाही. पण आमचा गणवेश सर्वांना सारखा आहे. प्रदर्शनात 'व्यावसायिक दिसा' असा मोघम नियम केला, तर व्यावसायिक कोण दिसतो हे दारावरचा ठरवणार, आणि तो कुणाला मागच्या गेटकडे पाठवतो हे आपण पाहिलेच. त्या रक्षकावर माझा राग नाही. तोही आपल्यासारख्याच कुठल्यातरी वस्तीतला. त्याला जे शिकवले तेच तो करतो.

एक पोशाख मात्र पत्रकाराने कधीच घालू नये. तो म्हणजे कंपनीने फुकट दिलेला टी-शर्ट. अशा प्रदर्शनांत कंपन्या पिशवी भरून वस्तू वाटतात, त्यात गेमचे नाव छापलेला टी-शर्ट असतोच. ज्याच्या मालाची परीक्षा करायची, त्याचेच नाव छातीवर मिरवायचे? न्यायाधीशाने वादीची टोपी घालून निकाल द्यावा, तसेच हे! दबाव किती खरा असतो याचा दाखला आहे. 2007 साली गेमस्पॉट या अमेरिकन संकेतस्थळाचे जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्याच संकेतस्थळावर त्याच गेमच्या भल्यामोठ्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरातदारांचा दबाव त्यामागे होता, हे त्यांनी 2012 मध्ये उघडपणे सांगितले. त्या दिवशी त्यांच्या अंगात कोट होता की टी-शर्ट, हे कुणाला आठवते? सहा गुण मात्र आठवतात.

आणि पोशाखाची चर्चा करायचीच, तर कंपन्यांपासून करा. गिऱ्हाईक ओढण्यासाठी तोकड्या कपड्यांत मुलींना स्टॉलवर उभे करण्याची या प्रदर्शनांत रीत होती. 2006 मध्ये ई-थ्रीच्या आयोजकांना त्यासाठी 5,000 डॉलर दंडाचा नियम जाहीर करावा लागला. बाईचे कपडे बाजार ठरवतो, सफाई कामगाराचे ठेकेदार ठरवतो आणि दलिताचे गाव ठरवते. ज्याचे कपडे दुसरा ठरवतो तो गुलाम, एवढे सूत्र आपण लक्षात ठेवले तरी पुरे.

भाच्याला मी कोट दिला. खांद्यात थोडा सैल होतो, त्याच्या आईने रात्री बसून टाके घातले. जाताना त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, कोट घाल, पण घाबरून नको, तुला आवडतो म्हणून घाल. पुढच्या वर्षी टी-शर्ट घालावासा वाटला तर तोही ताठ मानेने घाल. दुसरी, फुकटचा टी-शर्ट घेऊ नकोस. तिसरी, तिथे कंपनीचा बडा साहेब व्यासपीठावर आला की हात वर कर आणि विचार: रात्र रात्र जागून तुमच्या चुका शोधणाऱ्या आमच्या हिंजवडीतल्या तपासनीस मुलांची नावे गेमच्या शेवटच्या श्रेयनामावलीत असतात का? नसतील, तर का नाहीत?

तो हसला आणि म्हणाला, "मामा, हे विचारलं तर पुढच्या वर्षी पास मिळणार नाही."

मी म्हटले, "मग त्या वर्षी तू खरा पत्रकार झालास असं समज."

जय भीम!