आधी ऑइल, मग ताकद

पोर्शे ९४४ टर्बोचं बॉनेट उघडलं तरी टर्बोचार्जर पटकन नजरेला पडत नाही. तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला बसवलेला आहे. जळलेला वायू इंजिनाखालून आडव्या नळीने पलीकडे नेऊन टर्बोला द्यायचा, असा लांबचा मार्ग इथे आहे. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या धगीपासून टर्बो दूर राहतो. सिलिंडर हेडमधल्या एक्झॉस्टच्या वाटांना आतून सिरॅमिकचं अस्तर आहे, म्हणजे वायूतली उष्णता हेडमध्ये न मुरता टर्बाइनपर्यंत पोहोचते. शिवाय टर्बोला पाण्याने गार ठेवणारा एक छोटा विजेचा पंप आहे. इंजिन बंद केल्यावरही तो काही वेळ चालू राहतो.

ही गाडी १९८५ साली आली. उष्णता कुठून येते, कुठे जायला हवी आणि कुठे जाता कामा नये, याचा विचार तिच्या रचनेतच आहे. आज तिला ट्रॅकवर उतरवू पाहणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करायला हवी. बहुतेक जण मात्र बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, वाढवण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच घोटाळा होतो.

गाडी आहे मोठी गुणी. चार सिलिंडर, २,४७९ घन सेंटिमीटर, फक्त आठ व्हॉल्व्ह आणि २२० अश्वशक्ती. १९८८ च्या टर्बो एसमध्ये ती २५० झाली, आणि पुढच्या वर्षापासून सगळ्याच ९४४ टर्बोंना मिळाली. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन दोन्हीकडे जवळपास सारखं. वळणात ती शांत राहते आणि चालकाला चूक सुधारायला वेळ देते. १९८६ पासून जर्मनीत या गाड्यांची टर्बो कप नावाची स्वतंत्र शर्यतमालिका भरत असे. पुढे आलेल्या पोर्शेच्याच करेरा कप मालिकेची ती पूर्वज. त्या गाड्यांची इंजिनं कारखान्यातल्या इंजिनांपासून फारशी दूर नव्हती, हे बूस्टचा स्क्रू पिळण्याआधी आठवावं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरायचं, आपलीच गाडी घेऊन बंदिस्त ट्रॅकवर ठरावीक वेळ चालवायची. पहिला-दुसरा नंबर नाही. पण इंजिनाला हा फरक कळत नाही. रस्त्यावर टर्बो पूर्ण दाबाने काही सेकंदच काम करतो. जर्मनीतल्या हॉकेनहाइम ट्रॅकच्या साडेचार किलोमीटरच्या फेरीत तो पुन्हा पुन्हा त्या दाबावर जातो आणि मधे विसावा जवळपास नसतो.

जुन्या गाडीत पहिला शत्रू म्हणजे वाळलेलं रबर. इनटेक मॅनिफोल्डखाली व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं आहे. त्यातल्या एका नळीला चीर गेली तरी बूस्टचं नियंत्रण बिघडतं आणि मेकॅनिक भलत्याच भागावर संशय घेत बसतो. म्हणून त्या एकेक न बदलता सगळ्या एकदम बदलाव्यात. क्लच प्लेटच्या मध्यभागीही मूळचं रबर असतं. ते फाटलं तर एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि मधली टॉर्क ट्यूब हलवल्याशिवाय क्लचपर्यंत हात पोहोचत नाही. टायमिंग बेल्टचा इतिहास कागदावर नसेल तर तो बदलायचाच. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि बेल्टचा ताण अंदाजाने बोटाने दाबून नाही, मापकाने मोजायचा असतो.

मग येतो या इंजिनाचा सगळ्यात जास्त बोलला जाणारा कमकुवतपणा: दुसऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. ताट कलंडल्यावर आमटी एका कडेला जमावी तसं लांब, वेगवान वळणात ऑइल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरच्या एका भिंतीकडे चढतं. पंपाची नळी क्षणभर उघडी पडते आणि ऑइलऐवजी हवा ओढते. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा जो अतिशय पातळ थर असतो, त्यावरच सगळा भार तोललेला असतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो. सहसा पहिला बळी जातो दुसऱ्या नंबरचा. आवाज ऐकू येईपर्यंत क्रँकशाफ्टही खराब झालेला असतो.

यावरचे उपाय जुने आणि खात्रीचे आहेत. चेंबरमध्ये आडभिंती बसवायच्या, म्हणजे ऑइल पळून जात नाही. २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल वापरायचं आणि पातळी कधीही खाली जाऊ द्यायची नाही. ज्याला परवडेल त्याने दाबाखाली ऑइल साठवणारी टाकी लावावी. दाब घसरला की ती आपलं ऑइल इंजिनात सोडते. आणि रॉड बेअरिंग आधीच, गाडी व्यवस्थित चालत असतानाच बदलून टाकावीत. इंजिन न उतरवता, खालचा क्रॉसमेंबर काढून हे काम करता येतं. मला विचाराल तर पूर्ण तयारीतला सर्वांत शहाणा खर्च हाच, कारण तो बाहेरून कोणालाच दिसत नाही आणि सगळी गाडी त्यावर उभी असते.

ब्रेकच्या बाबतीत टर्बोचे चार पिस्टनचे कॅलिपर भक्कम आहेत, कमी पडतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून ट्रॅक डेच्या आधी ताजं ऑइल, ट्रॅकचे पॅड आणि डिस्ककडे हवा नेणारे पाइप. सीट, बेल्ट, हेल्मेट यांत तडजोड नाही, एवढं सांगून पुढे जातो.

टायरपाशी मात्र थांबायला हवं. जास्त चिकट टायर लावले की गाडी वळणात जास्त वेग धरते. तेवढाच ऑइलवरचा जोर वाढतो, ब्रेकची उष्णता वाढते आणि पुढच्या सस्पेन्शनच्या ॲल्युमिनियमच्या आर्मवरचा ताणही. गाडी खाली बसवली असेल तर बॉल जॉइंटचा कोन बदलतो आणि त्याची पिन तुटू शकते. प्रत्येक सुधारणा आपला भार पुढच्या भागावर टाकते. ज्याला ही साखळी दिसते, तोच गाडी तयार करतो. बाकीचे नुसते सुटे भाग विकत घेतात.

बूस्टची पाळी सगळ्यात शेवटी. दाब वाढला की हवा तापते, तापलेली हवा नॉकिंगला, म्हणजे इंधनाच्या अनियंत्रित पेटण्याला, बोलावते. नॉकिंग ऐकून इग्निशन मागे घेणारी यंत्रणा या गाडीत मुळातच आहे. ती पुन्हा पुन्हा कामाला लागत असेल तर वाढवलेली ताकद चाकांपर्यंत येतच नाही. टर्बोला जाग यायला थोडा वेळ लागतो, तेव्हा वळणातून बाहेर पडण्याआधीच ॲक्सिलरेटर दाबायला शिकावं लागतं. ते जमलं की मूळची २२० अश्वशक्तीही भरपूर वाटते.

सत्र संपताना एक फेरी बूस्ट न वापरता, सावकाश मारायची. तापलेल्या टर्बोत ऑइल थांबलं तर ते जळून कोळसा होतं आणि बेअरिंगच्या वाटा बुजतात. पाण्याचा पंप मदत करतो, पण ही फेरी त्याच्या भरवशावर सोडू नये. घरी आल्यावर ऑइल बदलायचं, जुना फिल्टर कापायचा, आतली कागदी घडी उलगडून उजेडात धरायची. धातूची चमक दिसली तर चेंबर उघडून बेअरिंग तपासेपर्यंत गाडी ट्रॅकवर जात नाही, मग पुढच्या ट्रॅक डेचे पैसे भरलेले असोत वा नसोत.