मिनी कन्सोल, इम्युलेटर आणि आपल्या डोक्यातले घोळ

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी 'टीव्ही गेम' खेळला, त्यांतल्या बहुतेकांनी निंटेंडोचं अस्सल यंत्र कधी पाहिलंच नाही. बाजारात होत्या त्या त्याच्या नकला. कॅसेटवर '9999 इन 1' छापलेलं असायचं आणि आत मोजकेच खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. त्या पिढीचे लोक आता परदेशातल्या नातेवाइकाकडून किंवा ऑनलाइन मिनी कन्सोल, म्हणजे कंपन्यांनीच काढलेली जुन्या यंत्रांची छोटी रूपं, मागवतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, यात दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तर चालेल का? उत्तरं मात्र बरीचशी ऐकीव मिळतात.

सगळ्यात पक्का गैरसमज असा की, या डब्यात जुनं यंत्रच लहान करून बसवलेलं असतं. निंटेंडोनं नोव्हेंबर 2016 मध्ये काढलेला 'एनईएस क्लासिक' उघडला तर आत ऑलविनर कंपनीची चार कोअरची चिप, 256 एमबी रॅम आणि 512 एमबी साठवण निघते. म्हणजे लिनक्सवर चालणारा चिमुकला संगणकच. पुढच्या वर्षी आलेल्या 'एसएनईएस क्लासिक'मध्येही जवळपास तोच बोर्ड आहे, फरक आहे तो सॉफ्टवेअरचा. जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेली प्रत्येक आज्ञा नव्या प्रोसेसरला कळेल अशी करून चालवायची, हे इम्युलेटरचं काम.

'मग तो खरा खेळ नव्हेच, नुसता देखावा,' असं यावर कुणी म्हणतं. तेही चूक. सिम्युलेटरशी तुलना करून पाहा. गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालतं. अशा प्रशिक्षणात जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये बसून सराव करतात. तिथे विमान कसं वागेल याचा हुबेहूब भास उभा केलेला असतो, विमान नसतं. इम्युलेटरचं तसं नाही. खेळाचा मूळ प्रोग्रॅम, 1985 मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या कॅसेटवर होता तोच, अक्षरही न बदलता त्यात चालतो. बदललेलं असतं ते फक्त खालचं यंत्र.

आता 'इम्युलेटर म्हणजे चोरी' या समजाकडे येऊ. इथे सोनीचं उदाहरण फार बोलकं आहे. 3 डिसेंबर 2018 रोजी सोनीनं 20 खेळांचा 'प्लेस्टेशन क्लासिक' बाजारात आणला, किंमत 100 डॉलर. त्यात सोनीनं स्वतःचा इम्युलेटर लिहिलेला नव्हता. हौशी प्रोग्रॅमरांनी वर्षानुवर्षं खपून घडवलेला 'पीसीएसएक्स रीआर्म्ड' हा मुक्त इम्युलेटर घेतला होता, आणि परवान्याप्रमाणे त्याचा उल्लेखही केला होता. काही दिवसांतच लोकांना कळलं की, पुढच्या यूएसबी पोर्टला ठरावीक कंपन्यांचा कीबोर्ड लावून एस्केप दाबलं की, या इम्युलेटरचा आतला मेनू पडद्यावर येतो. सोनीनं तो मिटवलेलाच नव्हता! लोकांनी तिथून चित्राची सेटिंग बदलून पाहिली, कारण 20 पैकी 9 खेळ युरोपातल्या 50 हर्ट्झच्या आवृत्तीचे होते आणि 60 हर्ट्झच्या अमेरिकी आवृत्तीपेक्षा संथ वाटत होते. त्यांत 'टेकन 3'सारखा चपळाईचा खेळसुद्धा होता. पर्यायी सॉफ्टवेअरची ओढ लागली ती अशा त्रुटींमुळेही. फुकट खेळांचा मोह हे एकच कारण नव्हतं.

न्यायालयात हा प्रश्न त्याआधीच गेला होता. कनेक्टिक्स कंपनीनं मॅकवर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा इम्युलेटर काढला म्हणून सोनीनं दावा लावला. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं निकाल कनेक्टिक्सच्या बाजूनं दिला. तेव्हा इम्युलेटर आणि खेळाची फाइल, ज्याला 'रॉम' म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्काचा प्रश्न मुख्यतः दुसरीचा.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा याबाबत पुष्कळ समंजस आहे. कायदेशीरपणे मिळवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर खासगी वापरासाठी, संगणक प्रोग्रॅमची प्रत करायला कलम 52 मुभा देतं. पण 'खेळ जुना झाला, आता तो सगळ्यांचा' हे मात्र खोटं. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, आणि कायद्याच्या नजरेत प्रोग्रॅम म्हणजे साहित्यकृतीच. दहा हजार खेळ भरून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या एचडीएमआय स्टिकला यातली कुठलीच सवलत लागू होत नाही. त्यांतल्या कित्येकींत 'स्नेस9एक्स'सारखे इम्युलेटर असतात, ज्याच्या परवान्यात व्यापारी वापराला साफ मनाई आहे. हौशी माणसांच्या कष्टावर केलेला हा धंदा मला खरोखर खुपतो.

आता भीतीबद्दल. 'सोल्डरिंग करावं लागतं, यंत्र कायमचं बंद पडतं.' पण प्लेस्टेशन क्लासिकवर 'ऑटोब्लीम' हे पर्यायी सॉफ्टवेअर चालवायला डबा उघडावासुद्धा लागत नाही. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून त्याला 'सोनी' हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत द्यायचं, फाइली टाकायच्या आणि तो लावून कन्सोल सुरू करायचा. नेहमीच्या मांडणीत आतल्या मेमरीला हात लागत नाही. पेनड्राइव्ह काढला की कन्सोल पूर्ववत. बहुतेकांचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कन्सोलचा पोर्ट फार कमी वीज पुरवतो, त्यामुळे वीज जास्त खाणारे, विशेषतः यूएसबी 3.0 चे, पेनड्राइव्ह तो ओळखतच नाही. साधा यूएसबी 2.0 लावून पाहा.

निंटेंडोच्या डब्यांसाठी 2017 च्या जानेवारीत आलेला 'हाकची' हा प्रोग्रॅम मात्र आतल्या मेमरीत बदल करतो. म्हणून त्यात मूळ कर्नलची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या गाभ्याच्या सॉफ्टवेअरची, प्रत काढून संगणकावर ठेवणं ही पहिली पायरी असते. कंटाळा करून ती वगळणाऱ्याला पुढे मूळ स्थितीत परतणं जड जातं.

सॉफ्टवेअर बदललं की वाटेल तो खेळ पळेल, हीसुद्धा अवास्तव अपेक्षा. चिप तीच राहते. आठ आणि सोळा बिटचे खेळ आरामात चालतात, निंटेंडो 64 चे बरेच खेळ अडखळतात. आणि बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारत असेल तर लगेच इम्युलेटरला दोष देऊ नका. नवा टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो. आधी त्याचा 'गेम मोड' सुरू करा.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं 2023 मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की, अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. इतके खेळ जिवंत ठेवायचे तर इम्युलेटर आणि घराघरांत पडलेल्या मूळ प्रती, दोन्ही लागणार. गल्लीतल्या दुकानात मिळायच्या त्या प्लेस्टेशनच्या सीडींपैकी कितीतरी नकला होत्या, त्यांवरून केलेल्या प्रतीला कायद्याचा आधार नाही. पण प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कची खालची बाजू सहसा काळी असते. माळ्यावर अशी एखादी सापडली तर भंगारात देऊ नका. संगणकाच्या साध्या सीडी ड्राइव्हवर ती वाचता येते. आजच तिची प्रत करून ठेवा.