मेंदूतील किरणोपचारजन्य ऊतकमृत्यू

मेंदूतील किरणोपचारजन्य ऊतकमृत्यू म्हणजे अर्बुदावर केलेल्या किरणोपचारामुळे मेंदूतील ऊतकाचा होणारा नाश होय. तो बहुधा उपचारानंतर सहा महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत आढळतो. डोकेदुखी, झटके, अशक्तपणा ही त्याची लक्षणे अर्बुदाच्या पुनरावृत्तीतही दिसतात. उपचार मात्र वेगळे असतात. ऊतकमृत्यूवर स्टिरॉइड, बेव्हॅसिझुमॅब किंवा निरीक्षण पुरेसे ठरू शकते, तर पुनरावृत्तीत पुन्हा शस्त्रक्रिया, औषधे वा किरणोपचार यांचा विचार होतो. त्यामुळे दोहोंतील भेद ओळखणे महत्त्वाचे असते.

संभ्रमाचे कारण

रक्त व मेंदू यांमधील अडथळा दोन्ही स्थितींत कमकुवत होतो. परिणामी गॅडोलिनियमयुक्त द्रव्य ऊतकात झिरपते आणि नेहमीच्या एमआरआय चित्रणात तो भाग उजळ दिसतो. भोवती सूजही असते. किरणोपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अशी उजळ वाढ काही रुग्णांत दिसून आपोआप ओसरते. तिला आभासी वाढ म्हणतात. म्हणून २०१० च्या ‘रानो’ निकषांनुसार पहिल्या १२ आठवड्यांत, नवी वाढ किरणोपचाराच्या क्षेत्राबाहेर असल्याशिवाय किंवा ऊतकतपासणीत सिद्ध झाल्याशिवाय, रोग बळावल्याचे मानले जात नाही.

चित्रण पद्धती

* रक्तप्रवाह एमआरआय : वाढत्या अर्बुदात नव्या रक्तवाहिन्या असल्याने रक्ताचे सापेक्ष आकारमान जास्त असते, मृत ऊतकात ते कमी असते.
* एमआर वर्णपटदर्शन : कोलीनचे वाढलेले प्रमाण अर्बुद सूचित करते, मेद व लॅक्टेट यांचे प्राबल्य ऊतकमृत्यूकडे निर्देश करते.
* विसरण एमआरआय : दाट पेशींमुळे अर्बुदात पाण्याच्या रेणूंची हालचाल सहसा मर्यादित असते.
* पेट चित्रण : एफडीजी हे शर्करासदृश द्रव्य निरोगी मेंदूही मोठ्या प्रमाणात शोषतो, त्यामुळे लहान अर्बुद लपू शकते. मेथिओनीन किंवा फ्लुरोएथिल टायरोसीन ही अमिनो आम्ले निरोगी मेंदूत कमी शोषली जात असल्याने अर्बुद अधिक स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातील स्थिती

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ, मुंबई येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली पेट चित्रण सुरू झाले. परळलाच टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१) आहे. सोलापूर जिल्ह्यात माढ्याशेजारच्या बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. कार्बन-११ चा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटे असल्याने मेथिओनीनसाठी सायक्लोट्रॉन जवळच लागतो. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटांचा असल्याने त्याची वाहतूक शक्य होते; तरी ४४० मिनिटांनी त्याचा सोळावा हिस्साच उरतो. त्यामुळे मोठ्या शहरांपासून दूरच्या रुग्णांना अशा तपासणीसाठी बहुधा प्रवास करावा लागतो.

मर्यादा

मृत ऊतक व जिवंत अर्बुदपेशी अनेकदा एकत्रच आढळतात. कोणतीही एक पद्धत निर्णायक नाही. म्हणून अनेक पद्धतींचे निष्कर्ष, किरणोपचाराचा आराखडा आणि पूर्वीची चित्रे एकत्र पाहतात. याकरिता रुग्णाने जुनी चित्रे व अहवाल जपून ठेवणे आवश्यक असते. संशय कायम राहिल्यास काही आठवड्यांनी पुन्हा चित्रण किंवा ऊतकतपासणी करतात. मात्र ऊतकाचा लहान नमुना संपूर्ण भागाचे प्रतिनिधित्व करीलच असे नाही.